मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं डेंटिंग-पेंटिंग घरच्या घरी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की गेटला घासून स्विफ्टच्या मागच्या दारावर पोचा पडला, बंपरही सोलवटला, रंग सिल्व्हर आहे आणि गॅरेजवाल्याचा आकडा ऐकून हे काम स्वतःच करावंसं वाटतंय. माझ्या जुन्या वॅगन-आरवर मी असले उद्योग पुष्कळ केलेत, त्यावरून माझं मत: बंपर बिनधास्त घरी करा. दाराचा पत्रा दुरुस्त करा, पण रंगाचा हात गॅरेजमध्येच मारून घ्या.

कारण सिल्व्हर. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. स्प्रे गनचं प्रेशर, पत्र्यापासूनचं अंतर आणि थिनरचं प्रमाण बदललं की ते कण वेगळे बसतात, आणि रंगाचा कोड तोच असूनही उन्हात ठिगळ दिसतं. म्हणून चांगला पेंटर शेजारच्या पॅनलवरही रंग विरळ करत नेतो. ते डब्यातल्या स्प्रेने होत नाही. साधा पांढरा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. बंपरवर मात्र खपून जातं, कारण प्लास्टिकची छटा कंपनीतूनच पत्र्यापेक्षा किंचित वेगळी येते. फक्त आधी प्लास्टिकचा प्रायमर मारा, नाहीतर रंग सालपटासारखा निघेल.

आता पत्रा. आतून दाबून किंवा डॉलीवर (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) हळूहळू ठोकून पोचा जमेल तितका वर आणा. लांबी, म्हणजे भरायची पुट्टी, ही उरलेल्या खळग्यापुरती असते, जाड थर पुढे तडकतो. ऐंशी नंबरच्या सँडपेपरने रंग काढा, तेलकटपणा पुसा आणि लांबी भरा. हार्डनर, म्हणजे ती घट्ट करणारी पेस्ट, साधारण 2 टक्के. मुंबईच्या उन्हाळ्यात मिश्रण काही मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे एका वेळी चमचाभरच कालवा. मग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून घासा, आधी 180, नंतर 320. बोटाने घासलं तर लाटा राहतात. वरून काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा करा आणि पुन्हा घासा. काळं जिथे टिकेल तिथे अजून खळगा आहे.

हे घासकाम कोरडंच करा. गॅरेजमध्ये लांबी सर्रास पाण्याने घासतात, पण ती पाणी शोषते, आणि खाली गंज धरला की पावसाळ्यानंतर रंगाला फुगे येतात. त्यातून आपल्याकडची खारी हवा! उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. छोट्या भागाला ब्रशही चालतो. साधा प्रायमर पाणी आत जाऊ देतो. मात्र काम अर्धवट देणार आहात हे पेंटरला आधी विचारून घ्या, काहींना दुसऱ्याच्या लांबीवर रंग मारायला आवडत नाही.

पावसाळ्यात यातलं काहीच नको. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका पडतो. डिसेंबर-जानेवारीची दुपार उत्तम.

रंगावर शेवटी पारदर्शक थर देतात तो क्लिअर; त्यातला हार्डनर घालून मारायचा टू-के क्लिअर घरी आणूच नका. त्यात आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही. शिवाय फवारा शेजाऱ्याच्या गाडीवर बसला की सोसायटीच्या मीटिंगला तुम्हीच विषय. बंपरला डब्यातला साधा क्लिअर पुरतो. तो पेट्रोलने मऊ पडतो, म्हणून पेट्रोल भरताना बंपरवर सांडू देऊ नका.

सामान नागदेवी स्ट्रीटला मिळेल. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, दुकानदाराला त्याचा फोटो दाखवा.

विम्यातून करायचं म्हणत असाल तर आधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. तो वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि एका क्लेमवर शून्य होतो. एवढ्याशा पोच्यासाठी बहुतेकदा खिशातून दिलेलं स्वस्त पडतं.