मेंदूविज्ञान आणि न्यायवैद्यक शिक्षण एकत्र आणलं तर अत्याचारातून गेलेल्यांना खरंच मदत होते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मानसशास्त्रात एम.ए. करताय, मेंदू आणि ट्रॉमा हा विषय आवडतो, आणि जोडीला न्यायवैद्यकाचा एखादा कोर्स करावा की नाही हे ठरत नाहीये. मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते, कॅज्युअल्टी आणि लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मदत होते का? होते. आणि जी व्हायची ती बहुतेक पहिल्या दोन-तीन तासांतच होते. त्या वेळी कागदावर जे उलटंसुलटं उतरतं, ते निस्तरायला पुढे वकील लागतात, आणि तेही प्रत्येकीच्या नशिबात नसतात.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

रात्रपाळी होती. महिला शिपाई एका बाईला घेऊन आली. तिशीतली, मजुरीला जाणारी. रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची आणि मधूनच हसायची. त्या हसण्यावरून वॉर्डबॉयपासून सगळ्यांनी आपापला निकाल देऊन टाकला होता. ड्यूटीवरचे डॉक्टर नवे होते, आत एक बाळंतपण अडलेलं, त्यामुळे ते घाईत. "पहिल्यापासून सांगा. किती वाजता? आधी काय झालं, मग काय झालं?" ती म्हणाली, "पत्र्यावर पाणी टपटपत होतं." "ते राहू द्या, वेळ सांगा." "हिरवा पाइप होता. वेटोळं करून ठेवलेला." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शिपाई बाई माझ्या कानाशी लागली, "सिस्टर, ठाण्यात हिनं वेगळंच सांगितलंय. तिथं म्हणाली लाईट गेल्यावर, इथं म्हणते लाईट जायच्या आधी."

आणि ती सारखी पाणी मागत होती. कुणी देत नव्हतं, कारण तोंडाचा स्वॅब, म्हणजे पुराव्यासाठी कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, घ्यायचा राहिला होता. नियम बरोबरच आहे. पण नियमाकडे बोट दाखवून घसा कोरडा पडलेल्या बाईला अर्धा तास तसंच बसवून ठेवणं हा निव्वळ आळस आहे. तिची संमती विचारली, डॉक्टरांना म्हटलं, सर, तेवढा तोंडाचा स्वॅब आधी उरकून घेऊ. लगेच पाणी दिलं. दोन तांबे प्याली.

मग कपडे. खाली मोठा कागद अंथरायचा, त्यावर उभं राहून तिनं एकेक कपडा स्वतः काढायचा, म्हणजे अंगावरची माती, गवत, केस जे पडेल ते कागदावरच राहतं. ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले की दमटपणाने बुरशी धरते आणि डीएनए हाती लागायची मारामार. लाखेचं सील, लेबल, सही. हे सगळं न्यायवैद्यक झालं. आता हेच करताना प्रत्येक पायरीला "आता नखं कापणार आहे, चालेल? थांब म्हणालात की थांबेन" एवढं बोलायचं, घाई करायची नाही, दाराकडे तिची पाठ येऊ द्यायची नाही. हे मेंदूविज्ञान. जिच्या अंगावरचा तिचा ताबा नुकताच हिसकावून घेतलाय, तिला तो थोडा थोडा परत द्यायचा. दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच हाताने होतात. कोर्सच्या माहितीपत्रकात ती दोन वेगळ्या पेपरांत असतात, ते सोडा.

नखं कापून झाल्यावर मी म्हटलं, वेळ राहू द्या, तुम्हाला जिथून आठवतंय तिथून सांगा. काय ऐकू येत होतं? तिनं पाइपापासूनच सुरुवात केली आणि मग बराच वेळ बोलत राहिली. डॉक्टर 'विसंगत माहिती देते' असं लिहायला निघाले होते. मी म्हटलं, सर, निष्कर्ष नको, ती म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहा. वैतागले, पण लिहिलं. पुढे जागेचा पंचनामा झाला तेव्हा गळका पत्रा निघाला, हिरवा पाइपही निघाला. उलटतपासणीत "लाईट आधी गेली की नंतर" यावर वकिलांनी तिला बराच वेळ घोळवलं, पण पाइपाचं काय करायचं हे त्यांना सुचलं नाही. खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपील चालू आहे, म्हणून यापुढे लिहीत नाही.

आता त्यामागचं कारण, थोडक्यात, कारण पुस्तकं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचली असतील. जिवावर बेततं तेव्हा मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डाला, सूत्रं हातात घेतो, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, विचार करणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स मागे पडतो. लक्ष एखाद्या आवाजावर, वासावर, वस्तूवर खिळतं आणि तेवढं घट्ट कोरलं जातं. कशानंतर काय झालं, किती वेळ लागला, हा क्रम लावायला मेंदूतला आठवणी जुळवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, लागतो आणि नेमकी तीच बाजू लंगडी पडते. घराला आग लागल्यावर कुणी कपाटातल्या फायली तारीखवार लावत बसत नाही. आणि आपण ठाण्यात पहिला प्रश्न कोणता विचारतो? तारीख, वेळ, क्रम.

ओरडली का नाही, याचंही तेच. स्टॉकहोमच्या एका तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 महिलांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 70 टक्क्यांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात ताठरून गेल्याचं सांगितलं, 48 टक्क्यांच्या बाबतीत तर टोकाचं. हात हलत नाही, आवाज फुटत नाही. हे ठरवून होत नाही. मथुरा प्रकरण तुम्हाला माहीत असेलच, मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यातच झालेल्या बलात्काराचं. 1972, देसाईगंजचं पोलीस ठाणं, आता गडचिरोली जिल्ह्यात येतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणून. त्यावर 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि 1983 ला कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानायचं नाही, हे वाक्य मात्र कायद्यात यायला 2013 उजाडलं. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. कायद्याला जे कळलं ते कॅज्युअल्टीच्या दारात अजून पोचलेलं नाही. 2020 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका जामीन आदेशात लिहून आलं होतं की अत्याचारानंतर झोपी जाणं भारतीय स्त्रीला शोभत नाही. बोंबाबोंब झाल्यावर ते काढलं. 'टू फिंगर' चाचणीचंही तसंच, योनीत दोन बोटं घालून बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का ते ठरवायची ती. सर्वोच्च न्यायालयाने 2013 ला फटकारलं, 2022 ला पुन्हा सांगावं लागलं की जो कुणी ही चाचणी करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. मधली नऊ वर्षं वैद्यकीय महाविद्यालयांत काय शिकवत होते?

हे सगळं मी माझ्या मेहुण्यांना कितीदा सांगितलंय. बहिणीचे यजमान, निवृत्त फौजदार. "ताई, तीस वर्षं जबाब घेतलेत. खोटं बोलणारा पायरी चढतानाच कळतो. खरं असेल तर माणूस सलग सांगतो." दर दिवाळीला हाच वाद. भाऊजींना घाटात अपघात झाला होता. डोक्यावर हेल्मेट, डोक्याला खरचटलंही नाही, फक्त गळ्याजवळचं हाड मोडलं. विमावाल्याला सांगताना ट्रकच्या मागे रंगवलेला मोर पिसाऱ्यासकट सांगत होते. पण आपल्याला उचललं कुणी, गाडी बाजूला घेतली ती आधी की नंतर, हे दोन वेळा दोन तऱ्हांनी सांगितलं. विमावाल्याने 'विसंगत' लिहिलं नाही, पैसे मिळाले. हे काढलं की भाऊजी म्हणतात, ते वेगळं. काय वेगळं, ते आजवर सांगितलेलं नाही.

आणि त्यांच्याच खात्यातलं उदाहरण देते. अमेरिकेत पोलीस अधिकाऱ्याने गोळी झाडली तर सविस्तर जबाब लगेच न घेता त्याला सावरायला, झोपायला वेळ द्यावा, अशी तिथल्या पोलीसप्रमुखांच्या संघटनेची शिफारस आहे. बंदूक ज्याच्या हातात होती त्याला झोप. जिच्यावर गुदरलं तिला रात्री दोन वाजता लाकडी बाकावर "पुन्हा पहिल्यापासून सांग". फिर्याद लगेच घ्यायलाच हवी, स्वॅबही 96 तासांच्या आत हवेत, मान्य. पण बारीकसारीक पुरवणी जबाब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेता येतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्यानुसार, तो तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. वेळ नाही, माणसं नाहीत, हे मलाही दिसतं. पण "थांबा, आठवेल तसं सांगा" म्हणायला मनुष्यबळ लागत नाही.

इथे तुम्हाला एक ताकीद, कारण मानसशास्त्रवाले या बाजूला घसरतात. क्रम विस्कटला म्हणजे ती खरंच बोलतेय, असं सिद्ध होत नाही. गोठून जाणं हा पुरावा नव्हे. एवढंच म्हणता येतं की या गोष्टींवरून तिला खोटं ठरवू नका. अमेरिकेतल्या काही प्रशिक्षणांत यापुढे जाऊन बरंच ठोकून दिलं गेलं आणि स्मृतीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली, ती रास्त आहे. आपल्याकडे तर 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींची चाचणी ग्राह्य धरून शिक्षा सुनावली होती. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालाने अशा चाचण्यांची सक्ती बंद केली, बरं झालं. आणि समुपदेशनात तिच्या आठवणीतल्या मोकळ्या जागा तुम्ही भरू नका. "त्याच्या हातात काही होतं का, चाकू वगैरे?" असं विचारलंत की पुढच्या वेळी चाकू येतो, आणि तो पुढे कोर्टात तिलाच लागतो.

कोर्सचं म्हणाल तर, गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात फॉरेन्सिक सायकॉलॉजीची पदव्युत्तर पदवी आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात फॉरेन्सिक नर्सिंगची तोंडओळख आलीय, मी तीच शिकवते, तास फार कमी आहेत. मुंबईत 'सेहत' संस्थेने महापालिकेच्या रुग्णालयांबरोबर अत्याचार सोसलेल्या महिलांसाठी 'दिलासा' केंद्रं उभी केली, ते काम जाऊन बघा. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी तपासणीच्या पद्धतीवर जे लिहिलंय आणि त्यासाठी जो पाठपुरावा केलाय, तो वाचा. आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना तर पाठच हव्यात. असे खटले इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, चालतात, तुम्हाला बसू देणार नाहीत, म्हणून निकालपत्रं काढून उलटतपासणीचे परिच्छेद वाचा. कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त कळेल. प्रमाणपत्राचा उपयोग नोकरीला किती, ते त्या क्षेत्रातल्या कुणाला तरी विचारा, मी सरकारी माणूस.

आणि हो, वर सगळीकडे मी बाई म्हटलंय. पुरुष आणि तृतीयपंथीही येतात, उशिरा येतात, आणि येताना कारण दुसरंच सांगतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आहे. त्यापुढच्या पुरुषासाठी जुन्या दंड संहितेचं कलम 377 होतं, ते जुलै 2024 पासून नव्या संहितेत राहिलंच नाही. 2014 च्या सूचनांप्रमाणे तपासणी आणि उपचार मात्र त्यांनाही द्यायचेच आहेत, आणि तोंडाचा स्वॅब त्यांचाही पाण्याआधीच.