आधी बघ, मग घाबर

अगं,

तुझा भलामोठा मेसेज वाचला. अंगावरून पांढरं जातंय, काळ्या निकरचा मधला भाग तांबूस पडलाय, आई म्हणते हाडं झिजतील, आणि तू तांदळाचं धुवण प्यायला लागलीस पण! सगळं लिहिलंस, फक्त रंग कसा, वास येतो का, खाज आहे का, त्यातलं एक अक्षर नाही. म्हणजे बघितलंच नाहीस. आधी बघायचं गं.

निकरचा रंग उडतो कारण ते पाणी मुळात आंबट असतं, पीएच (म्हणजे आंबटपणाचं माप) साधारण 3.8 ते 4.5, तिथले चांगले जंतू लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि वाईटांना थारा देत नाहीत. पाळी झाल्यावर कमी जातं, मधल्या दिवसांत पातळ, बोटावर तार धरणारं, नंतर परत घट्ट दुधाळ. हाडंबिडं काही झिजत नाहीत. आणि तो सुगंधी वॉश आत घालून धुतेस ना, त्यात बळी जातो चांगल्या जंतूंचाच. बाहेरून साधं पाणी, बास.

मात्र दह्याच्या चोथ्यासारखं जात असेल आणि खाजेने जीव नकोसा झाला असेल तर बहुतेक बुरशी. पातळ, करडं आणि मासळीसारखा वास, तर जंतूंचा तोल बिघडलाय. हिरवट-पिवळं फेसाळ असेल तर तो संबंधातून येणारा संसर्ग असू शकतो, मग जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर परत तेच. तिन्हीची औषधं वेगळी, म्हणून म्हणते बघ, बघ, बघ! मेडिकलवाल्याकडून ती तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणू नकोस, तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉईड असतं, दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी आतून फोफावते. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसलं तरी दाखवायचंच.

मी हळदीकुंकवातसुद्धा बायकांना रंग-वास विचारते म्हणून जावा मला निर्लज्ज म्हणतात. म्हणू देत, निम्म्या जणी मागून हळूच स्वयंपाकघरात येऊन विचारतातच, तेव्हा मी नको तिथे बोलते असं मला तरी वाटत नाही.

डॉक्टर ‘लग्न झालंय का’ विचारतील, त्याचा अर्थ संबंध आलेत का एवढाच, खरं काय ते सांग. संबंध आले नसतील तर आतून तपासणी सहसा करत नाहीत, आणि तपासताना सिस्टरना सोबत थांबायला सांगायचा तुला हक्क आहे. पैशाचं टेन्शन असेल तर जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक, म्हणजे असल्या संसर्गांचा सरकारी दवाखाना असतो, तपासणी आणि औषध फुकट. आज रात्री बघून मला तीन शब्द टाईप कर, रंग, वास, खाज. लाजून इमोजी पाठवलास तर ओरडा खाशील.