हिशेबात पावसाळा धर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा हिशेबाचा कागद मिळाला. मधमाश्यांच्या पन्नास पेट्या, पेटीमागे दहा किलो मध, किलोला सहाशे रुपये, एकूण तीन लाख. गुणाकार बरोबर आहे. फक्त त्या कागदावर जून ते सप्टेंबर मला कुठे सापडले नाहीत.

आमच्या महाबळेश्वरच्या डोंगरात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा याच चार महिन्यांत. माशीला बाहेर पडता येत नाही, पडली तरी फुलात काही उरलेलं नसतं. ती उन्हाळ्यात साठवलेल्या मधावर जगते, आणि नेमका तोच मध आपण मे महिन्यात काढतो. तिच्यासाठी किती ठेवलं, यावर पुढचं वर्ष उभं राहतं.

माझ्या तिसऱ्या वर्षी मी ठेवलं नव्हतं. जांभळी अशा फुलल्या होत्या की चौकटी उचलून मनगट भरून यायचं. हाव सुटली. वरचा मधकोठा रिकामा केलाच, पण खालच्या पिलाव्याच्या, म्हणजे माश्यांची पिल्लं वाढतात त्या, चौकटींच्या कडेला असलेला मधसुद्धा यंत्रात फिरवून घेतला. ऑगस्टमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा पेट्या बघायला गेलो. दारावर एक माशी नाही. झाकण काढलं तर पोळ्यांवर मेणकिड्यांनी पांढरं जाळं विणलेलं, तळाला काळी कणी पडलेली, आणि कुबट वास. बारांतल्या नऊ वसाहती उडून गेल्या होत्या. सातेरीचा, म्हणजे आपल्या देशी मधमाशीचा स्वभावच तो, उपाशी बसण्यापेक्षा घर सोडते. मे महिन्यात मिळालेले पैसे नव्या वसाहती घेण्यात गेले, वर पदरचे घातले ते वेगळेच.

म्हणून मध काढायचा तो वरच्या कोठ्यातला. खालचा तिचा. पावसात साखरेचा पाक द्यावा लागतोच, पण संध्याकाळी दे आणि थेंबही बाहेर सांडू देऊ नकोस, नाहीतर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. एक मात्र पक्कं लक्षात ठेव: पाकाचं जे साठेल ते बाटलीत जाता कामा नये. ती भेसळच, मग ती माशीने केलेली का असेना.

तू मेलिफेराचं, म्हणजे त्या परदेशी जातीच्या माशीचं विचारलंस. मध जास्त देते, खरं आहे. पण तिच्यामागे ट्रकात पेट्या घालून फिरावं लागतं, मोहरीसाठी पार राजस्थानपर्यंत जाणारे लोक आहेत. शिवाय वरोआ नावाचा बारीक कोळी माशीच्या अंगाला चिकटतो, त्याचा त्रास तिला फार. सातेरी त्याला बऱ्यापैकी झटकून टाकते. तुझं घर डोंगरात, घरी म्हातारी आई. तू सातेरीच धर.

चौकटीतली घरं मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नकोस. निदान तीन चतुर्थांश तरी बंद हवीत. उघड्या घरातला मध कच्चा, त्यात पाणी जास्त. नियमाप्रमाणे पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या वर चालत नाही, आणि सातेरीचा मध मुळातच जरा पातळ. एकदा घाईत काढलेला मध पुण्याच्या एका बाईंना दिला होता. महिन्याभराने त्यांचा फोन आला, ‘झाकण उघडलं तर फस्स झालं हो!’ आंबला होता. पैसे परत केले, पण त्यांनी पुन्हा कधी मागवला नाही.

विक्रीचं म्हणशील तर मध थिजला की गिऱ्हाईक हमखास म्हणणार, साखर घातलीय. बाटली कोमट पाण्यात ठेवायला सांग आणि रागावू नकोस. लोकांचा संशय उगाच नाही. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने मधाचे तेरा ब्रँड तपासले, त्यातले दहा एनएमआर चाचणीत, म्हणजे भेसळ पकडणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत, नापास झाले. काडी पेटवून किंवा पाण्यात थेंब टाकून काही कळत नाही, तसले प्रयोग गिऱ्हाइकापुढे करूच नकोस. त्यापेक्षा मे महिन्यात पेटीजवळ बोलाव आणि चौकट हातात दे. आमच्याकडे मांघर २०२२ पासून ‘मधाचं गाव’ झालं, तिथे येणारी माणसं बघून-चाखूनच घेतात. लेबलवर जांभूळ की आणखी कशाचा, आणि कुठल्या महिन्यातला, एवढं स्पष्ट लिही. अन्नसुरक्षेची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, ती टाळू नकोस.

डाळिंबवाले, कांद्याचं बी धरणारे परागीकरणासाठी पेट्या भाड्याने नेतात. तेही उत्पन्नच. फवारणी कधी आहे ते मात्र आधी विचारून घे.

खादी ग्रामोद्योग मंडळाच्या महाबळेश्वरच्या मध संचालनालयात दहा दिवसांचं प्रशिक्षण असतं, पेट्यांना निम्मं अनुदानही मिळतं. ते करून ऑक्टोबरात पाच पेट्या घे. पन्नास नाही, पाच. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, मुंग्या रात्रीत वसाहत हैराण करतात.

आणि तो कागद पुन्हा लिहून पाठव. बारा महिन्यांचे बारा रकाने पाड. जुलैच्या रकान्यात साखर किती किलो लागेल ते आधी लिही, मेचा रकाना शेवटी भर.

तुझा,
काका