खिशातल्या चाकूचं पातं

प्रश्न : रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यायचाय. सुतळी कापणं, पार्सल उघडणं, कधी एखादं फळ. पातं कोणत्या आकाराचं घ्यावं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : शीप्सफूट घ्या. याची धार सरळ असते आणि पाठ टोकाशी खाली उतरते, म्हणून टोक टोचत नाही. खोका उघडताना आतली वस्तू फाटत नाही. धार लावायलाही हे सर्वांत सोपं. डुलत्या जहाजावर दोर कापणाऱ्या खलाशांनी हाच आकार जवळ केला तो उगाच नाही. आंब्याची कलमं बांधताना मीही सरळ धारच वापरतो. काप सपाट आला तरच फांदी फांदीला नीट भिडते.

फळंच जास्त कापणार असाल, तर मात्र फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबर बघा. साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, टोकाकडे गोलाई घेतलेली धार. सफरचंद त्यानं सुरेख सोललं जातं. मुठीवरची कडी फिरवली की पातं अडकतं, बोटावर मिटत नाही. पण त्यातलं कार्बन पोलाद कैरीच्या आंबटानं काळं पडतं आणि आपल्या पावसाळ्यात गंजतं. कोकणात स्टेनलेसच घ्या. विमानप्रवासात चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.