वडिलांच्या जुन्या महिंद्रा पिकअपमध्ये नेमकं कोणतं इंजिन बसवलंय, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९० च्या आसपासची, डिझेल, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं पॅकिंग) गेलेलं. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवर सापडत नाही. एक मिस्त्री म्हणतो 'प्यूजो आहे', दुसरा म्हणतो 'टाटाचं टाकलंय'. दोघांचंही ऐकू नका. गॅस्केट तर अजिबात मागवू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

माझ्याकडेही अशीच एक जीप होती, मागे हौदा बांधलेली. आधीच्या मालकाने इंजिन बदललं होतं आणि कुठून आणलं ते त्यालाच आठवत नव्हतं. हेड उतरवलं, व्हर्नियर लावला आणि बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं: '८३ – ९०'. बोअर (सिलिंडरचा व्यास) कुठला, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) कुठला, ते लिहिलं नाही. म्हटलं, लक्षात राहील. दुकानात कागद पुढे केला. काउंटरवरच्या माणसाने एक नजर टाकली आणि टाटाच्या ४८३ इंजिनाचं गॅस्केट काढून दिलं. घरी येऊन ब्लॉकवर ठेवलं तर सिलिंडरचं एकही भोक जुळेना.

गंमत अशी की चूक त्याची नव्हती. टाटाच्या १९४८ सीसी डिझेलचा (हेच ते ४८३) बोअर ८३ मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये यायचं ते प्यूजोचं एक्सडीपी ४.९० बरोब्बर उलटं: बोअर ९०, स्ट्रोक ८३. तेच दोन आकडे, फक्त जागा बदललेल्या. माझं होतं प्यूजो.

नावातच निम्मं उत्तर असतं, हे मला तेव्हा कळलं. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, नव्वदचा बोअर. टाटाचं ४८३ म्हणजे चार सिलिंडर, त्र्याऐंशीचा बोअर. टाटाच्या २०७ डीआय पिकअपमधलं ४९७ म्हणजे चार आणि सत्त्याण्णव. सगळ्या कंपन्या असं नाव ठेवत नाहीत, पण या तीन नावांत गावाकडची निम्मी पिकअप-जीप आलीच.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पहिलं काम ब्लॉक धुण्याचं. डिझेल आणि वायर ब्रश घेऊन बसा, अर्धा तास जाईलच. तीस वर्षांचं ऑइल आणि धूळ मिळून डांबरासारखा थर झालेला असतो. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना, वर हेडला लागून, एखादी मशीनने सपाट केलेली पट्टी दिसते का बघा. नंबर बहुधा तिथेच पंच केलेला असतो. पुसट असेल तर खडू घासा आणि बोटाने पुसून घ्या. खाचांत पांढरं राहतं. मग मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता अगदी आडवा धरा. माझ्या ब्लॉकवर उजेड आडवा केल्यावर जिथे काहीच नव्हतं तिथे आधी एक ९ उमटला, मग बाकीचे आकडे.

इथे बरेच जण फसतात. उंचवट्याने आलेले आकडे म्हणजे ओतकामाचा नंबर, तो साच्याचा. त्याच साच्यातून निघालेल्या सगळ्या ब्लॉकवर तो तोच असतो. आत खचलेले, ठोकलेले आकडे म्हणजे इंजिन नंबर. आरसीशी ताडून बघायचा तो हा दुसरा. पहिलाही लिहून ठेवा, स्पेअरवाल्याला तो जास्त कामाचा.

टॅपेट कव्हरवर काय लिहिलंय त्याकडे दुर्लक्ष करा, कव्हर बदलायला दोन मिनिटं लागतात. डिझेल पंपावरच्या मायको कंपनीच्या पट्टीचंही तेच. पंप-नोझलवाला ती वाचून पंप कुठल्या इंजिनाचा ते सांगेल, पण तो पंप याच इंजिनाबरोबर आला होता की भंगारातून, हे तो कसं सांगणार? भंगारातल्या वस्तूंची खिचडी या गाड्यांत फार असते.

हेड उतरवायच्या आधी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना तापणारे प्लग) आहेत का बघा. एक्सडीपी आणि टाटाचं ४८३ ही इनडायरेक्ट इंजेक्शनची (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात उडतं) इंजिनं, प्रत्येक नोझलजवळ हीटर प्लग असतो. महिंद्राच्या एमडीआय घराण्यातल्या २५२३ सीसीच्या जुन्या इंजिनांत इंजेक्शन थेट पिस्टनवर, पिस्टनच्या डोक्यातच वाटी कोरलेली. हेड उतरल्यावर हे लांबूनही ओळखू येतं. प्रेशरच्या धक्क्याने कडक ठोकल्यासारखा येणारा आवाजही डीआयचाच (थेट इंजेक्शनचा), पण आवाजावर पैज लावू नका. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स गाडीचं इंजिन टाकलेल्या जीपही पाहिल्यात. ते मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरचं, २.४ लिटरचं, हीटर प्लगवालंच. म्हणजे फक्त प्लग बघून भागत नाही.

तुमचं हेड उतरणारच आहे, तर मोजून घ्या. बोअर आधी. पण सावध: एमडीआयचा बोअर ८८.९ मिमी. ते इंजिन बोअरिंग करून (सिलिंडर आतून कापून) एक मिलिमीटर ओव्हरसाइज केलेलं असेल तर व्हर्नियर ८९.९ दाखवतो आणि तुम्ही 'प्यूजो' म्हणून मोकळे होता. म्हणून स्ट्रोक मोजायचाच, बोअरिंग करून स्ट्रोक बदलत नाही. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून क्रँक हाताने फिरवा. पिस्टन पार वर आला की ब्लॉकच्या पृष्ठभागापासून मोजा, पार खाली गेला की पुन्हा मोजा, फरक तो स्ट्रोक. प्यूजोत ८३ येईल, एमडीआयमध्ये १०१.६. या दोघांत गोंधळ व्हायला जागाच नाही.

सीसी काढायचे असतील तर मापं सेंटिमीटरमध्ये घ्या: बोअर गुणिले बोअर गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४ गुणिले ४. नऊ, नऊ आणि ८.३ घातलं की २११२ येतात, एक्सडीपीचे कागदावरचे सीसी. तुमच्या आरसीवरही सीसी छापलेले असतात, ताडून बघा. जुळले आणि फक्त नंबर वेगळा निघाला, तर कुणीतरी त्याच जातीचं दुसरं इंजिन टाकलंय.

नंबर खरंच वेगळा निघाला तर आरटीओत जावं लागेल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांबद्दल आहे, इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. कटकट आहे, पण पुढे गाडी विकताना किंवा विम्याच्या दाव्यात हाच नंबर आडवा येतो. वडिलांच्या जुन्या फायलीत गॅरेजची बिलं असतील तर आधी ती चाळा, कदाचित इंजिन घेतल्याची पावतीच सापडेल.

गॅस्केट आणायला जाताना जुनं जळकं गॅस्केट बरोबर न्या, तुकडे झाले असले तरी. नवीन त्याच्यावर ठेवून सिलिंडरची, पाण्याची आणि बोल्टची भोकं एकेक जुळवा. काही डिझेल इंजिनांत गॅस्केटच्या कडेला खाचा असतात, त्या जाडी सांगतात. जुन्यावर किती आहेत ते मोजा आणि तेवढ्याच मागा. आणि कागदावर 'बोअर' नि 'स्ट्रोक' असे दोन्ही शब्द लिहा.