वाचक विचारतात : सोडवलेली मुलं परत रस्त्यावर का येतात?

प्रश्न : आमचं मंडळ पोलिसांच्या मदतीने मोहीम काढून रस्त्यावरच्या मुलांना निवारागृहात पोहोचवतं. काही आठवड्यांत बरीचशी पुन्हा जुन्या जागी दिसतात. काय चुकतं?

उत्तर : मोहीमच चुकते. धरून नेलेल्या मुलाची कमाई बुडते, धाकटं भावंड बाहेरच राहतं, ज्यांच्या आधाराने ते रात्री झोपायचं ती सोबत सुटते. मग ते पळतं, आणि पुढच्या वेळी तुमचा कार्यकर्ता दिसला की लांबूनच निसटतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१७ साली खास या मुलांसाठी काढलेल्या २१व्या सामान्य टिप्पणीतही (मुलांचे हक्क कसे पाळायचे याचं सरकारांसाठीचं मार्गदर्शन) अशी धरपकड थांबवा, असंच बजावलं आहे.

त्याऐवजी एकच कार्यकर्ता, एकच जागा, एकच वेळ ठरवा आणि ती पाळा. पहिल्या भेटीत आईवडिलांचा विषय नको. जखम चिघळली आहे का, झोपायला कुठे जातोस, सोबत लहान कोण आहे, एवढं पुरे. नाव खोटं वाटलं तरी तेच लिहा. ओळख मुरली की गरजा आणि धोके यांची नोंद करा, मग मुलाला सोबत घेऊन आराखडा आखा. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि तारीख हवी. ‘आरोग्य विभाग पाहील’ असं लिहिलं की कोणीच पाहत नाही. लैंगिक अत्याचार, जबर मारहाण किंवा एकटं सापडलेलं तान्हं मूल असेल, तर मात्र ओळखीची वाट पाहू नका. त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला कळवा.

खरी गडबड होते ती घरी पाठवताना. पत्ता मिळाला, सोडून आलो, फाईल बंद! ज्या मारहाणीमुळे मूल निघालं ती थांबली का, हे आधी गृहभेटीत बघायला हवं. मुलाशी एकट्याने बोला, घरच्यांशी वेगळं बोला. पाठवल्यावर पहिल्या आठवड्यात भेट, पुढे महिन्याला एक, आणि निदान सहा महिने फाईल उघडी. घर सुरक्षित नसेल तर आधी जवळचे नातेवाईक, मग पालक कुटुंब, म्हणजे मुलाला तात्पुरतं सांभाळणारं दुसरं कुटुंब. मोठं वसतिगृह सगळ्यात शेवटी. हे सगळं करायला माणसं लागतात. आपत्तीतल्या मदतकार्यासाठीच्या बालसंरक्षण मानकांत एका कार्यकर्त्याकडे जास्तीत जास्त २५ मुलं धरली आहेत. तुमच्याकडे माणशी शंभर असतील, तर कितीही चांगला फॉर्म छापून उपयोग नाही.

प्रश्न : एका दिवसात शहरातल्या अशा मुलांची मोजणी करता येईल का?

उत्तर : आकडा मिळेल, पण तोकडा. मुलं जागा बदलतात. दिवसा काम करून रात्री घरी जाणारी रात्रीच्या फेरीत सापडत नाहीत, आणि मुली सहसा नजरेआड असतात. दिवसा आणि रात्री, वेगवेगळ्या वारी फेऱ्या घ्या. जागा मुलांनाच विचारा. तेच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून सांकेतिक क्रमांक द्या, पण नावांची यादी पोलिसांकडे जाणार नाही याची आधी खात्री करा.

प्रश्न : जन्मदाखला नाही म्हणून शाळा आणि दवाखाना दोन्हीकडून परत पाठवतात.

उत्तर : जन्मनोंदणी हा संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या ७व्या कलमातला हक्क आहे, त्यामुळे उशिरा नोंदणीचा अर्ज लगेच टाका. कायमचा पत्ता नसल्यामुळे अर्ज अडतो. तिथे निवारागृहाचा किंवा संस्थेचा पत्ता चालेल का, ते निबंधकाकडून लेखी घ्या. दाखला येईपर्यंत संस्थेचं तात्पुरतं ओळखपत्र द्या. त्याला २१व्या टिप्पणीचा आधार आहे. त्या टिप्पणीची प्रत सोबत ठेवा. ओळखपत्रावर ‘रस्त्यावरचं मूल’ असा शिक्का मात्र नको.