जुना ऑपरेटर, वाढतं रिजेक्शन

प्रश्न : उद्यमबागेत माझं मशीनशॉप आहे, पंचवीस कामगार. सीएनसी टर्निंगवरचा (संगणकाने चालणाऱ्या लेथवरचा) एक ऑपरेटर सहा वर्षं आमच्याकडे आहे. चार महिन्यांपासून त्याच्या हातून शंभर बुशमागे (बुश म्हणजे आत भोक असलेला गोल भाग) सात-आठ बाद होतात. इतरांचे दोनच्या आत. खानापूरहून येतो, आठवड्यातून दोनदा उशीर ठरलेला. बोललं की मान खाली घालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काढून टाकू का?
– एक कारखानदार, बेळगाव

उत्तर : काढायचं नंतर बघू, आधी रिजेक्शनचा डबा उघडा. आठवडाभर प्रत्येक बाद नगावर मार्करने वेळ आणि माप लिहायला लावा. जेवणाच्या सुट्टीनंतरचेच पहिले दहा-पंधरा नग जात असतील, तर मशीन थंड होऊन माप सरकतंय. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 20 मायक्रॉन (0.02 मिमी) असेल, तर नग बाद व्हायला तेवढं पुरतं. सुट्टीनंतर दहा मिनिटं मशीन रिकामं फिरवा, पहिला नग बोअर गेजने (भोकाचं माप घ्यायच्या उपकरणाने) मोजूनच पुढे जा. इन्सर्ट (कापणारं टोक) बदलल्यावर नग जात असतील तर ऑफसेट, म्हणजे नव्या टोकासाठी मशीनमधली मापाची दुरुस्ती, द्यायचा राहतोय. तरीही उलगडलं नाही तर दोन दिवस ऑपरेटरांची अदलाबदल करा. रिजेक्शन माणसाबरोबर जातं की मशीनपाशीच राहतं, ते कळेल.

माणसाबरोबर गेलं, तर त्याला केबिनमध्ये एकट्याला बसवा. शॉपमध्ये चारचौघांत कधीच नको. चार महिन्यांपूर्वी काय बदललं ते विचारा, आणि डोळे तपासून घ्या. चाळिशी लागली की मायक्रोमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळतात. लाजेपोटी माणूस ते सांगत नाही, अंदाजाने माप लिहीत राहतो. असं असेल तर चष्मा आणि डिजिटल मायक्रोमीटर एवढ्यावर काम भागेल. उशिराचं कारण बस असेल, तर त्याची शिफ्ट अर्धा तास पुढे सरकवा, सुटायची वेळही तेवढीच पुढे.

‘नीट काम कर’ म्हणून काही होत नाही. दर दहाव्या नगाला माप, शीटवर नोंद, चार आठवड्यांत रिजेक्शन दोन टक्क्यांच्या आत, असं लिहून द्या. दर शनिवारी दहा मिनिटं शीट घेऊन त्याच्यासोबत बसा. हे शनिवार चुकवू नका. मालकाने दोन चुकवले की कामगारही ते सोडून देतो.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर लेखी नोटीस. तो कन्नड वाचतो की मराठी, त्या भाषेत द्या. न कळलेल्या इंग्रजी कागदावरची सही पुढे उपयोगी पडत नाही. तारीख, पाळी, बाद नगांची संख्या त्यात हवी, आणि उत्तराला पुरेशी मुदत. चौकशी तुम्ही स्वतः करू नका, त्रयस्थ माणूस नेमा. कामगाराला मदतीला एक सहकारी घेऊ द्या. ‘उद्यापासून येऊ नको’ असं तोंडी सांगून सहा वर्षांचा कामगार घालवलात, तर लेबर कोर्टात तुमची बाजू उभीच राहणार नाही. कामावरून काढायचं पत्र कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवूनच द्या. पाच वर्षं उलटल्याने ग्रॅच्युइटीचाही हिशेब करून ठेवा : शेवटचं महिन्याचं वेतन (बेसिक, डीए वगैरे, कायद्याच्या व्याख्येप्रमाणे) भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं.